गुलमर्गमध्ये एक दिवस स्कीइंगचा: गोव्याहून जाणाऱ्यांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी फोंड्याची. तीन हिवाळे आम्ही घरची माणसं आणि शेजारपाजारचे मिळून गुलमर्गला गेलो. तेव्हापासून डिसेंबर जवळ आला की फोन सुरू होतात: कोणाची लेक लग्नानंतर पहिल्यांदा बर्फात निघालेली, कोणी निवृत्तीचे पैसे हाती आल्यावर बायकोला घेऊन चाललेला. तेच तेच प्रश्न असतात, म्हणून उत्तरं एकदा नीट लिहून ठेवली. सुरुवातीला अगदी साधे प्रश्न आहेत, अडचणीचे पुढे आहेत.

१. स्कीइंग म्हणजे बागा-कळंगुटला असते ती जेट-स्कीच ना?

नाही. ती पाण्यावरची मोटार. इथे इंजिन नसतं. दोन लांब पट्ट्या पायांत, दोन काठ्या हातांत, आणि उतारावरून खाली नेतं ते तुमचं स्वतःचं वजन. वेग कमी करायचा तोही पायांनीच, म्हणून शिकताना सगळा भर थांबण्यावर असतो.

आणि बर्फ म्हटल्यावर मालिमच्या जेटीवर मासळीच्या खोक्यांत फावड्याने ओततात तो डोळ्यांसमोर आणू नका. तो कडक, टोचणारा. रात्री पडलेला ताजा हिम तांदळाच्या पिठासारखा असतो, मुठीत धरला तर आधी जाणवतही नाही. दोन-चार उन्हं खाऊन रात्री पुन्हा गोठला की मात्र तो जेटीवरच्या बर्फासारखाच होतो, आणि त्यावर पडलं की लागतं.

२. ‘एक दिवस स्कीइंग’ म्हणजे गोव्याहून एकूण किती दिवस काढायचे?

कमीत कमी पाच. दाबोळी किंवा मोपाहून विमान धरा, बहुतेक वेळा दिल्ली किंवा मुंबईला बदलावं लागतं. श्रीनगरला पोचण्यात पहिला दिवस जातो. दुसऱ्या दिवशी गुलमर्ग गाठायचं आणि काहीही करायचं नाही (का, ते प्रश्न ८ मध्ये). तिसरा दिवस स्कीइंगचा. चौथ्या दिवशी श्रीनगर, पाचव्या दिवशी परत.

श्रीनगर ते गुलमर्ग साधारण ५० किलोमीटर. शेवटचे १३ किलोमीटर, तंगमर्गपासून वर, वळणांचा घाट आहे. बर्फ पडला असेल तर तिथून पुढे चाकांना साखळ्या लावलेली गाडी लागते. पहिल्या वर्षी आमच्या गाडीवाल्याने आम्हाला तंगमर्गलाच उतरवलं आणि पुढच्या गाडीचे पैसे वेगळे पडले. बोलणी करतानाच विचारून घ्या: गाडी थेट गुलमर्गला पोचवणार की तंगमर्गपर्यंतच?

रेल्वेने जायचं तर वास्कोहून गोवा एक्स्प्रेस निजामुद्दीनला जाते. जून २०२५ पासून कटरा ते श्रीनगर वंदे भारतही सुरू झाली आहे. रेल्वेची आवड असलेल्यांना हा प्रवास फार आवडेल, पण वर सांगितलेल्या पाच दिवसांत तो बसत नाही.

३. नाताळच्या सुट्टीत गेलो तर बर्फ मिळेल का?

मिळेलही, पण त्या भरवशावर जाऊ नका. काश्मिरात २१ डिसेंबरपासून चाळीस दिवस ‘चिल्लई कलान’, म्हणजे मोठी थंडी. त्यानंतर वीस दिवस ‘चिल्लई खुर्द’ आणि दहा दिवस ‘चिल्लई बच्चा’. उतार झाकणारा जाड थर बहुधा जानेवारीत साठतो आणि फेब्रुवारीत चांगला असतो. तेही दरवर्षी नाही: जानेवारी २०२४ मध्ये गुलमर्गची कुरणं उघडी, पिवळट पडली होती. बर्फ आला तो महिना संपता संपता.

म्हणून मी सगळ्यांना कार्निव्हालच्या आसपासचे दिवस सुचवते. तेव्हा थर बसलेला असतो, दिवस थोडा मोठा झालेला असतो आणि नाताळ-नववर्षाची गर्दी सरलेली असते. घरात दहावी-बारावीचं मूल असेल तर परीक्षेचं वेळापत्रक आधी पाहा.

४. गुलमर्गच का? मनाली किंवा औली का नको?

मनालीजवळचं सोलांग हौसेने बर्फात खेळायला छान आहे. जोशीमठच्या वरचं औली देखणं आहे, पण जानेवारी २०२३ मध्ये जोशीमठची जमीन खचू लागल्यावर तिथला रोपवे बंद केला, आणि गोव्याहून तिथवरचा रस्ताही लांबचा. गुलमर्गला विमानतळ जवळ आहे, नवशिक्यांचे सौम्य उतार आणि पट्टीच्या स्कीपटूंचे उंच उतार एकाच गावात आहेत, आणि शिकवणारे पिढ्यान् पिढ्या हेच काम करत आले आहेत. केंद्राच्या पर्यटन मंत्रालयाची स्कीइंग आणि गिर्यारोहणाची संस्था १९६८ पासून इथे आहे, आणि पहिले खेलो इंडिया हिवाळी खेळ २०२० मध्ये इथे झाले. एकाच दिवसात शिकायचं तर हाताशी शिकवणारी माणसं हवीत, ती इथे भरपूर आहेत.

५. वय बावन्न, जन्मात बर्फ पाहिलेला नाही. एका दिवसात खरंच जमेल?

जमेल. हाच प्रश्न मला सगळ्यांत जास्त येतो, म्हणून पहिला तास कसा जातो ते सविस्तर सांगते.

आधी बूट. ते प्लास्टिकचे, गुडघ्याच्या थोडं खाली येणारे आणि जड. घोटा वळतच नाही. त्यात चालायचं तर आधी टाच टेकवायची, मग चवडा. दुकानापासून उतारापर्यंतच्या शंभर पावलांत निम्मी माणसं म्हणतात, ‘हे आपलं काम नव्हे.’ तिथे थांबू नका, कारण बूट चालण्यासाठी बनलेलेच नाहीत.

मग स्की लावायच्या. बुटाच्या तळव्याला चिकटलेला बर्फ काठीच्या टोकाने खरवडून काढायचा, नाहीतर खाच बसत नाही. आधी पुढचं टोक अडकवायचं, मग टाच जोरात दाबायची. ‘खट्’ असा आवाज आला की पाय पक्का. तो आवाज न येता निघालात तर दुसऱ्याच पावलाला स्की एकीकडे आणि तुम्ही एकीकडे.

आता उतार. दोन्ही स्कींची पुढची टोकं जवळ, मागची लांब. शिकवणारे याला ‘पिझ्झा’ म्हणतात, त्या तुकड्याच्या आकारावरून. मागची टोकं जितकी फाकवाल तितका वेग कमी. ऐकायला सोपं आहे, पण आपण गोव्यातली माणसं एका सवयीमुळे इथे हमखास फसतो. पावसात शेवाळलेल्या चिऱ्यांच्या पायऱ्या उतरताना आपण अंग मागे टाकतो, लहानपणापासून. उतार दिसला की शरीर तेच करतं. स्कीवर मागे रेललात की पुढची टोकं हलकी होतात, पकड जाते आणि पट्ट्या तुम्हाला घेऊन सुटतात. नडग्या बुटाच्या पुढच्या जिभेवर दाबून ठेवायच्या, गुडघे वाकवायचे आणि नजर पायांकडे नाही, जिथे जायचं तिकडे ठेवायची. माझ्या शिक्षकाने अर्धा तास एकच शब्द सांगितला: ‘आगे.’

पडणं शिकूनच घ्या. तोल गेलाच तर चढाच्या बाजूला, कुल्ल्यावर पडायचं. हात मागे टेकवायचा नाही, मनगट मोडतं ते तसंच. उठताना स्की उताराला आडव्या आणि आपल्यापेक्षा खालच्या बाजूला आणायच्या, मगच अंग उचलायचं. हे न करता धडपडत राहिलात तर दहा मिनिटांत दम निघेल.

दुपारपर्यंत बहुतेक जण पन्नास-साठ मीटरचा सौम्य उतार न पडता उतरतात आणि हवं तिथे थांबतात. माझ्या जाऊबाई अठ्ठावन्नाव्या वर्षी थांबायला शिकल्या. खाली पोचल्यावर त्या बोलल्या नाहीत, पुन्हा वर चढायला लागल्या.

६. शिकवणारा कसा निवडायचा? आणि स्लेजवाले मागे लागतात त्यांचं काय?

तीन गोष्टी आधी ठरवा: किती तास, सामानासह किती पैसे, आणि एका शिक्षकाकडे किती माणसं. दोघांपेक्षा जास्त नकोत. नोंदणी असलेल्याकडे ओळखपत्र असतं, ते दाखवा म्हटलं तर कोणी रागावत नाही. हॉटेलवाल्याला विचारलंत तर तो गावातलाच ओळखीचा माणूस देतो, आम्हाला तिन्ही वेळा तसाच मिळाला. अर्धा दिवस पैसे देऊन शिकणं हे दिवसभर स्वतः धडपडण्यापेक्षा फार मोलाचं आहे. पैसे वाचवायचेच असतील तर हॉटेलच्या खोलीत वाचवा.

स्लेज म्हणजे बर्फावरून घसरणारी, चाकं नसलेली लाकडी गाडी. तुम्ही बसायचं आणि दुसऱ्या माणसाने दोरीने ओढायचं. थंडीच्या चार महिन्यांत त्या माणसांचं घर त्यावर चालतं. बसायचं असेल तर दर आधी ठरवा आणि ठरलेले पूर्ण द्या. नको असेल तर एकदाच स्पष्ट ‘नको’ म्हणा. ‘मग बघू’ म्हटलंत तर तो बिचारा खरोखर तासभर थांबून राहतो.

७. आमच्याकडे स्वेटरही नाही. कपडे इथे घ्यावे की तिथे भाड्याने?

वरचे भाड्याने, आतले स्वतःचे. लांब कोट, जलरोधक विजार आणि गमबूट तंगमर्ग आणि गुलमर्गमध्ये भाड्याने मिळतात. स्की, बूट, काठ्या आणि हेल्मेटही तिथेच. घरून न्यायचे ते असे: अंगाला चिकटून बसणारे थर्मल दोन जोड, एक लोकरीचा किंवा फ्लीसचा थर, कानटोपी, जलरोधक हातमोजे आणि काळा चष्मा. सुती बनियन आणि जीन्स नकोत. सूत घाम पिऊन ओलं राहतं आणि थांबलात की तेच अंग गारठवतं.

मोजे एकच जोड, जाड. पहिल्या वर्षी मी शहाणपणा करून तीन घातले. बूट आवळला गेला, रक्त फिरेना, आणि तासाभराने बोटं आहेत की नाहीत ते कळेना. शिवाय घाईत घेतलेला बूट आतून आदल्या गिऱ्हाईकाच्या घामाने ओला. तेव्हापासून मी आधी हात आत घालून पाहते. विजारीची टोकं बुटाच्या बाहेर ठेवा.

सनस्क्रीन विसरू नका. बर्फ ऊन वर परतवतो, त्यामुळे हनुवटीखाली आणि नाकपुड्यांतही भाजतं. दिवसभर मिरामारच्या किनाऱ्यावर बसून होणार नाही असा चेहरा तिथे दोन तासांत होतो.

८. आम्ही समुद्राकाठची माणसं. उंचीचा त्रास होईल का?

गुलमर्ग सुमारे २,६५० मीटरवर आहे. थोडं डोकं दुखणं, झोप नीट न लागणं, जिना चढताना धाप लागणं हे बऱ्याच जणांना होतं आणि एका रात्रीत कमी होतं. म्हणून पोचल्या दिवशी फक्त फिरा आणि पाणी प्या. थंडीत तहान लागत नाही, तरी प्या. डोकं ठणकत असेल आणि उलट्या होत असतील तर आणखी वर जायचं नाही. त्रास वाढत गेला तर वाट न पाहता तंगमर्गकडे खाली उतरा, कारण खाली येणं हेच पहिलं औषध. गोळ्यांबद्दल निघण्याआधी आपल्या डॉक्टरांशी बोला.

९. गंडोलाने, म्हणजे तिथल्या रोपवेने, अगदी वरपर्यंत जायचंच ना? एवढं गेल्यावर अर्ध्यातून परत?

स्की शिकायच्या दिवशी नाही. पहिला टप्पा गुलमर्ग ते कोंगडोरी, साधारण ३,१०० मीटर, तो १९९८ मध्ये सुरू झाला. दुसरा टप्पा अफरवत शिखराच्या खांद्यापर्यंत, जवळजवळ ३,९५० मीटर, तो २००५ मध्ये. वरच्या टप्प्याची रांग, वाऱ्यामुळे होणारी थांबाथांब आणि परत येणं यात सगळा दिवस जातो. वर तुम्ही फोटो काढणार, स्की चालवणार नाही, कारण तिथले उतार नवशिक्याचे नाहीतच (प्रश्न १४ पाहा). नवशिक्यांचं मैदान खाली आहे, गोल्फच्या मैदानाच्या बाजूला.

हौस असेल तर दुसरा टप्पा वेगळ्या दिवशी ठेवा. आकाश निवळलेलं असलं तर तिथून नंगा पर्वत दिसतो. तिकीट गंडोला चालवणाऱ्या महामंडळाच्या अधिकृत संकेतस्थळावर आधी काढा आणि काढताना दिलेलं ओळखपत्रच बरोबर ठेवा. ‘रांग चुकवून देतो’ म्हणणाऱ्यांना पैसे देऊ नका.

१०. आई पंचाहत्तरीची आहे, ती स्की करणार नाही. तिला तिथे काय?

खिडकी. हे मी मनापासून लिहिते आहे. समोर देवदारांवर बर्फ उतरताना पाहत, हातात केशर-बदाम घातलेला कहवा घेऊन बसण्यात माझ्या आईचे दोन दिवस गेले आणि ती आजही त्यांच्याबद्दल बोलते. हॉटेल निवडताना म्हणूनच टीव्हीपेक्षा खिडकी कुठे उघडते ते विचारा, आणि खोली तळमजल्यावर घ्या.

दुपारी ऊन असेल तर सेंट मेरीज चर्चपर्यंत सावकाश जाता येतं. १९०२ सालची दगडी इमारत, आपल्या चुन्याने रंगवलेल्या चर्चांहून अगदी निराळी. टेकडीवरचं शंकराचं मंदिर पूर्वी सगळे बघायचे, पण जून २०२४ मध्ये ते आगीत जळलं. चालताना काठी न्या आणि गोठलेल्या पायवाटेवर छोटी पावलं टाका.

स्की करणाऱ्यांनीही दुपारी तीननंतर हेच करावं. पाय थकलेले असतात, उतार गोठू लागतो, आणि दुखापती बहुतेक ‘शेवटची एक फेरी’ म्हणतानाच होतात.

११. जेवणाचं काय? सोमवारी आम्ही शिवराक (शाकाहारी) असतो.

अडचण नाही. काश्मिरी माणूस आपल्यासारखाच भातखाऊ. हाक नावाची पालेभाजी, राजमा, कमळाच्या देठाची नदरू आणि गरम भात, यावर सोमवार उत्तम जातो. पंजाबी धाटणीचं शाकाहारी जेवण तर सगळीकडे मिळतं. इतर दिवशी श्रीनगरला सकाळी हरिसा खाऊन पाहा: रात्रभर शिजवून घोटलेलं मटण, फक्त थंडीतच मिळणारं. माशांत ट्राउट मिळतो. नूनचाय गुलाबी दिसते पण खारी असते, पहिला घोट तयारीने घ्या.

१२. फेणी बरोबर न्यावी का? ऊब येते म्हणतात.

नको. दारूने त्वचेकडे रक्त धावतं म्हणून गरम वाटतं, पण अंगातली उष्णता उलट लवकर जाते. उंचीवर अंगातलं पाणीही कमी होतं आणि तोलही जातो.

१३. फोन लागेल का?

बाहेरच्या राज्यातलं प्रीपेड सिम जम्मू-काश्मिरात चालत नाही, पोस्टपेड चालतं. घरातल्या एकाचं तरी निघण्याआधी पोस्टपेड करून घ्या. बर्फवृष्टीत वीज आणि नेटवर्क जातं, तेव्हा थोडी रोकड जवळ असू द्या.

१४. हिमस्खलनाच्या बातम्या येतात. मग हे सुरक्षित आहे का?

गोल्फ मैदानाजवळच्या सौम्य उतारांवर, होय. धोका असतो तो अफरवतच्या उघड्या, तीव्र उतारांवर, मुख्यतः ताज्या जड बर्फानंतर. फेब्रुवारी २०२३ मध्ये तिथे दोन पोलिश स्कीपटूंचा जीव गेला, फेब्रुवारी २०२४ मध्ये एका रशियनाचा. ही सगळी आखलेल्या वाटांबाहेर जाणारी, अनुभवी माणसं होती. उतारांवर नजर ठेवणारं तिथलं गस्तीपथक रोज धोक्याची पातळी जाहीर करतं आणि गरज पडली तर गंडोलाचा दुसरा टप्पा बंद ठेवला जातो. बंद म्हणजे बंद, त्यावर वाद घालू नका. कोणी गाइड ‘मागच्या बाजूने नेतो’ म्हणाला तर कितीही चांगला वाटला तरी जाऊ नका.

१५. खोलीत कांगडी किंवा बुखारी (खोली तापवायची शेगडी) पेटवून झोपलं तर चालतं का?

नाही. कांगडी म्हणजे निखाऱ्यांचं मडकं, ते काश्मिरी माणूस फेरनाच्या, म्हणजे लांब सैल झग्याच्या, आत जन्मभराच्या सवयीने सांभाळतो. आपल्याला ती सवय नाही. बंद खोलीत निखाऱ्यांतून कार्बन मोनॉक्साइड साचतो, त्याला वास नसतो आणि झोपलेल्याला काही कळतही नाही. निजण्याआधी कांगडी बाहेर, बुखारी विझवलेली, आणि खिडकीची फट उघडी. विजेची चादर सुरक्षित, पण ती आधी अंथरूण तापवायला.

१६. गुडघ्याचं ऑपरेशन झालंय / मधुमेह आहे / बायको गरोदर आहे. काय करावं?

गरोदरपणी स्कीइंग नको, कारण पडणं ठरलेलंच असतं. गुडघ्यावर ‘पिझ्झा’चा ताण थेट आतल्या बाजूने येतो, तेव्हा अस्थिरोगतज्ज्ञांची परवानगी असल्याशिवाय नको. मधुमेह असलेल्यांनी इन्सुलिन गोठू देऊ नये, ते कोटाच्या आतल्या खिशात ठेवा, सामानात नाही. पायांची संवेदना कमी असेल तर बुटाची जखम उशिरा लक्षात येते, म्हणून दर तासाला बूट काढून पाहा.

विम्याचं एक: साध्या प्रवास विम्यात साहसी खेळ बऱ्याचदा वगळलेले असतात. ते कलम निघण्याआधी वाचा.

१७. परतीचं विमान संध्याकाळी आहे. त्याच दिवशी सकाळी दोन तास स्की करून निघालो तर?

करू नका. बर्फ पडला तर घाट बंद होतो, श्रीनगरला धुक्याने विमानं उशिरा येतात, आणि विमानतळाच्या फाटकाबाहेरच सामानाची तपासणी असते, तिथे बराच वेळ जातो. दुसऱ्या वर्षी आम्ही हेच केलं. तंगमर्गच्या वरच्या वळणावर एक ट्रक आडवा झाला होता, तीन तास हललो नाही, विमान गेलं. त्या रात्री श्रीनगरमध्ये खोली शोधताना आईचा हात धरून मी जे चालले, ते आठवलं की अजून पोटात गोळा येतो. शेवटची रात्र श्रीनगरलाच काढा. आदल्या संध्याकाळीच सामान बांधा, आणि भाड्याचे बूट परत केल्याची पावती गुलमर्ग सोडण्याआधी घ्या.